एकगुणी खेळाडूंची कैफियत

‘सर्वांगीण विकास’ या दोन शब्दांनी आमच्या सुशिक्षित मध्यमवर्गाची जेवढी दिशाभूल केली आहे, तेवढी क्वचितच दुसऱ्या कोणत्या शब्दांनी केली असेल. शाळेचे माहितीपत्रक उघडावे तर पहिल्याच पानावर तो विकास; मंडळाच्या गणेशोत्सवातील पारितोषिक समारंभास जावे तर ‘अष्टपैलू विद्यार्थी’ म्हणून कोणाची तरी निवड झालेली; आणि मुलाला क्रिकेटच्या वर्गात घालावयास जावे तर तेथील गुरुजीही फलंदाजी, गोलंदाजी, क्षेत्ररक्षण, शरीरस्वास्थ्य व मनाचा कणखरपणा असे पाच रकाने आखून बसलेले. अंगे सर्व असावीत, पैलू आठ असावेत आणि कोणत्याही रकान्यात शून्य नसावे! मग कोणत्याही रकान्यात शंभर नसले तरी कोणाची तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती नेमकी येथेच. ज्याच्या चार रकान्यांत शून्याच्या आसपास काही असेल, पण पाचव्यात शंभर असतील, अशा खेळाडूला आपण दारातूनच परत पाठवतो. आणि त्याच्याबरोबर खेळाचा प्राणही परत पाठवतो, हे आपल्या गावीही नसते.

हे गाऱ्हाणे मी घरापासून दूर, नोकरीच्या निमित्ताने गाझियाबादेस किंवा तिच्या आसपास येऊन राहिलेल्या मराठी अधिकाऱ्यांपुढे मांडतो आहे, त्यास कारण आहे. हिंडनच्या हवाई तळावर, साहिबाबादच्या कारखान्यांत, मुरादनगरच्या आयुध निर्माणीत आणि दिल्लीच्या मंत्रालयांत बसून आपण आयुष्यभर जी विद्या आत्मसात करतो, ती रकान्यांचीच विद्या आहे. पूर्वी तिला गोपनीय अहवाल म्हणत. आता वार्षिक कार्यमूल्यमापन म्हणतात. एक ते दहा असे गुण द्यावयाचे. पार पाडलेल्या कामास चाळीस टक्के, व्यक्तिगत गुणांस तीस, कार्यसामर्थ्यास तीस. आणि त्यांची बेरीज-सरासरी काढून माणसाचा निकाल लावावयाचा. या पद्धतीत सगळीकडे सात मिळवणारा सुखाने वर चढतो. एका ठिकाणी दहा आणि तीन ठिकाणी चार मिळवणारा मात्र वर्षानुवर्षे त्याच खुर्चीत राहतो. राज्यकारभारास ही पद्धत सोयीची असेल. नस्ती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सुरक्षित जाण्यासाठी सातवाले लोकच हवेत, हेही मी मान्य करतो. परंतु कचेरीतून सायंकाळी बाहेर पडताना हा तराजू आपण टेबलावर ठेवून येत नाही. तो घेऊनच आपण मैदानावर जातो, आणि तेथे जे दिसते त्यालाही त्याच तराजूत घालतो.

याचा एक मासला सांगतो. गेल्या हिवाळ्यात मोहननगरच्या बाजूच्या एका मैदानावर दोन स्थानिक संघांचा सामना चालला होता. ज्या सामन्याची बातमी कोठेही छापून येत नाही अशांपैकी एक. त्यात सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा आठव्या क्रमांकावर खेळावयास आला. बॅट धरण्याची त्याची रीत पाहून कोणाही जाणत्याने मान फिरवली असती. पण चेंडू पॅडला लागून चार हात दूर गेला की हा पलीकडे पोहोचलेला असे. जेथे एक धाव होती तेथे त्याने दोन काढल्या, आणि जेथे एकही नव्हती तेथे एक. दहा मिनिटांत असे झाले की प्रतिपक्षाच्या कर्णधाराने सीमेवरचे दोन गडी आत आणले, यष्टिरक्षक हातमोजे काढून फेकीच्या तयारीत उभा राहू लागला, आणि गोलंदाज चेंडू टाकण्याऐवजी या मुलाकडेच पाहू लागला. त्या गडबडीत पलीकडच्या फलंदाजाने मोकळ्या झालेल्या जागेतून चौकार मारले. ते त्या फलंदाजाच्या नावावर लिहिले गेले. मुलाच्या नावावर अकरा धावा लागल्या.

माझ्याशेजारी क्रिकेटचे वर्ग चालवणारे एक गृहस्थ उभे होते. ते म्हणाले, “दौड़ता तो बहुत है, लेकिन क्रिकेट कहाँ है?” त्यांचे मला फारसे नवल वाटले नाही, त्यांचा तो धंदा आहे. नवल वाटले ते बरोबर आलेल्या मराठी स्नेह्यांचे. तेही मान डोलावून म्हणाले, “बरोबर आहे. पाया कच्चा आहे मुलाचा.” डोळ्यांपुढे अख्खा संघ एका मुलाच्या पायांनी विस्कटलेला दिसत असताना या सद्गृहस्थांना त्याच्या बॅटीची मूठ तेवढी दिसली! जे आहे त्याकडे पाठ फिरवून जे नाही त्याची यादी करणे, यालाच आपण परीक्षकाची नजर म्हणू लागलो आहोत.

वेगाचे मोल कसे करावे, हे पाहण्यासाठी थोडे दूर, अमेरिकेत जाऊ. तेथील बेसबॉल या खेळात फटका मारणाऱ्यास चार तळांना वळसा घालून धाव पुरी करावी लागते. चेंडू फेकणारा गाफील आहे असे पाहून, फटक्याची वाट न बघता, एका तळावरून पुढच्या तळावर धावत सुटणे यास तेथे तळ चोरणे म्हणतात. या खेळाच्या वरिष्ठ संघांखाली कनिष्ठ संघांची उतरंड आहे, आणि होतकरू खेळाडू लहान लहान शहरांतील या संघांतून खेळत वर येतात. २०१२ साली बिली हॅमिल्टन नावाच्या एका तरुणाने अशा दोन कनिष्ठ संघांकडून खेळताना एका मोसमात १५५ तळ चोरले. आधीचा उच्चांक व्हिन्स कोलमन याचा, १९८३ मधील १४५ चा होता. हॅमिल्टनची फलंदाजी बेताची होती आणि पुढेही ती बेताचीच राहिली. पण सिनसिनाटीच्या वरिष्ठ संघाने त्याला घेतले, आणि २०१४ ते २०१७ या चार वर्षांत त्याने अनुक्रमे ५६, ५७, ५८ व ५९ तळ चोरले. बेकर्सफील्ड आणि पेन्साकोला या गावांतील जे लोक कनिष्ठ संघांचे सामने पाहावयास गेले, त्यांनी हा वेग कच्चा असतानाच पाहिला. आपल्याकडे रणजी सामन्यालाही प्रेक्षागार ओस असते, हे येथे मुद्दाम सांगावयास नको.

त्याच देशात याहूनही टोकाचा एक प्रयोग झाला होता. ओकलंड संघाचे मालक चार्ली फिन्ली यांनी १९७४ साली हर्ब वॉशिंग्टन या निष्णात धावपटूला संघात घेतले, आणि तेही केवळ धावण्यासाठी. त्याने बॅट हाती धरावयाची नाही, क्षेत्ररक्षणास उभे राहावयाचे नाही. तळावर पोहोचलेल्या एखाद्या मंद सहकाऱ्याच्या जागी जाऊन उभे राहावयाचे आणि पळावयाचे. दोन मोसमांत मिळून तो १०५ सामन्यांत उतरला, एकदाही फलंदाजीस गेला नाही, आणि तरीही ३१ तळ चोरून ३३ धावा त्याने आपल्या नावावर लावल्या. लोक हसले. त्या वर्षीच्या जागतिक मालिकेतील दुसऱ्या सामन्यात, अगदी शेवटच्या डावात, माइक मार्शल याने त्याला तळापासून दूर गाठून बाद केले, तेव्हा तर हसणाऱ्यांना पर्वणीच सापडली. तो सामना ओकलंडने गमावला हे खरे. मालिका मात्र त्यांनी चार विरुद्ध एक अशी जिंकली. फिन्ली यांचा हिशेब सर्वस्वी बरोबर होता असे माझे म्हणणे नाही. ४८ प्रयत्नांत १७ वेळा पकडला जाणारा चोर हा काही आदर्श चोर नव्हे. परंतु एखाद्या माणसाजवळ एकच गोष्ट अव्वल असेल, तर त्या एका गोष्टीसाठी संघात जागा निर्माण करता येते काय, हा प्रश्न विचारण्याचे धाडस त्यांनी केले. आमच्या निवड समित्यांना हा प्रश्न सुचतदेखील नाही.

ज्यांना ही परदेशची नवलाई वाटत असेल, त्यांनी आपल्या उत्तर प्रदेशाकडेच पाहावे. रिंकू सिंह आणि दिनेश पटेल हे या प्रांतातील भालाफेक करणारे दोन तरुण. एका अमेरिकन स्पर्धेने २००८ साली केवळ त्यांच्या हातातील वेग हेरला, आणि त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्स या संघाने दोघांशी करार केला. २००९ मध्ये दोघेही अमेरिकेतील कनिष्ठ संघात खेळले. वरिष्ठ संघापर्यंत ते पोहोचले नाहीत. पण बेसबॉल म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांच्या एका गुणावर भरवसा ठेवून एका व्यावसायिक संघाने त्यांना हजारो कोसांवर नेले. आमच्या एखाद्या जिल्हा समितीपुढे हीच मुले उभी राहिली असती, तर ‘खेळाचे ज्ञान नाही’ असा शेरा मारून त्यांचा अर्ज निकालात निघाला असता.

आणि खुद्द गाझियाबाद जिल्ह्याने काय दिले? मुरादनगरचा सुरेश रैना दिला. त्याचे वडील तेथील आयुध निर्माणीत नोकरीस होते. म्हणजे आपल्यापैकीच एका वसाहतीतील हा मुलगा. तो लखनौच्या क्रीडा महाविद्यालयात शिकून पुढे गेला. २०१० मध्ये कोलंबोस पहिल्याच कसोटीत त्याने १२० धावा केल्या, आणि कसोटी, एकदिवसीय व वीस षटकांचा सामना या तिन्ही प्रकारांत शतक करणारा तो पहिला भारतीय ठरला. पण रैनाचे नाव निघाले की आपल्या बैठकीतील जाणते काय म्हणतात? “उसळत्या चेंडूवर कच्चा होता हो!” होता. कोणी नाकारले आहे? पण २०११ च्या विश्वचषकात ऑस्ट्रेलियाविरुद्ध अहमदाबादेस नाबाद ३४ आणि पाकिस्तानविरुद्ध मोहालीस नाबाद ३६ या दोन छोट्या खेळी त्याने नेमक्या अडचणीच्या वेळी केल्या नसत्या, तर त्या चषकाचे काय झाले असते याचा विचार हे जाणते करत नाहीत. शिवाय क्षेत्ररक्षणात त्याने वाचवलेल्या धावांना तर धावफलकात रकानाच नाही. अठरा कसोटी सामन्यांनंतर त्याच्यापुढे कसोटीचे दार बंद झाले. त्या निर्णयाची कारणे असतील. पण आपल्या आठवणीतही त्याचे वैगुण्य पुढे आणि त्याचे गुण मागे राहावेत, याला मात्र आपणच जबाबदार आहोत.

आता कोणी म्हणेल, गल्लीतल्या सामन्यांत नि परदेशी गमतीत हे ठीक आहे. खरा सामना जिंकावयाचा तर सर्वगुणसंपन्नच माणसे हवीत. या आक्षेपास उत्तर म्हणून १९७१ सालचे ओव्हलचे मैदान आठवावे. इंग्लंडमध्ये भारताने जिंकलेली ती पहिली कसोटी, आणि तिच्यामुळे जिंकलेली पहिली मालिका. कर्णधार आपले अजित वाडेकर. इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत गुंडाळला कोणी? भागवत चंद्रशेखर यांनी, ३८ धावांत ६ बळी घेऊन. लहानपणी झालेल्या पोलिओने ज्यांचा उजवा हात कृश झाला होता, त्यांनी त्याच हाताने गोलंदाजी केली. त्या हाताचा चेंडू कोणीकडे वळेल हे फलंदाजास उमगत नसे. फलंदाजीचा रकाना पाहाल तर ५८ कसोटींत त्यांच्या धावा १६७, आणि बळी मात्र २४२! धावांपेक्षा बळी अधिक. आजच्या एखाद्या वर्गात हा मुलगा गेला असता तर गुरुजींनी प्रथम त्याच्या हाताकडे आणि मग त्याच्या बॅटीकडे पाहिले असते, आणि नम्रपणे त्याच्या वडिलांना बुद्धिबळाचा वर्ग सुचवला असता.

त्याच डावात एकनाथ सोलकर फलंदाजाच्या अगदी पुढ्यात उभे होते. मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्या माणसाचा हा मुलगा. शिरस्त्राण नाही, अंतर हातभराचे, आणि ॲलन नॉटसारखा चिवट फलंदाज. सोलकरांनी पुढे झेपावत त्याचा झेल घेतला आणि इंग्लंडचा कणा मोडला. सोलकर फलंदाजी करत, गोलंदाजीही करत. ती दोन्ही कामे त्यांच्याहून चांगली करणारे लोक देशात होते. पण त्या जागी उभे राहण्याचे काम त्यांच्यासारखे करणारा जगात विरळा. २७ कसोटींत ५३ झेल. या आकड्याच्या जोरावरच मराठी माणूस आजही त्यांचे नाव अभिमानाने घेतो. मग सोलकरांच्या नावाने छाती फुगवणाऱ्या आपण, आपल्याच मुलाने ‘मला फक्त झेल घ्यावयास आवडते’ असे म्हटले की त्याला ओरडावे हे कोणत्या न्यायाने?

वेगाचाच प्रश्न असेल तर महाराष्ट्राने जगाला दिलेल्या एका खेळाची साक्ष काढली पाहिजे. खो-खोला नियमांची चौकट पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास दिली, आणि १९२४ साली बडोद्याच्या जिमखान्याने नियमावली प्रसिद्ध केली. म्हणजे या खेळाच्या घडणीत महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांचाही हात आहे, हे आपण परमुलखात राहणाऱ्यांनी विसरू नये. या खेळाची रचना पाहा. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की ती बदलावयाची नाही. मधली पट्टी ओलांडावयाची नाही. पळणाऱ्यावर मात्र असे कोणतेही बंधन नाही. पळणारे तीन-तीनच्या तुकडीने उतरतात. उत्तम पळती करणारा पहिल्या तुकडीत जातो, आणि ज्याचे पाय तितके चालत नाहीत त्याला शेवटच्या तुकडीत ठेवतात. त्याच्यापर्यंत पाळी येण्याआधीच वेळ संपावी हा हेतू. ज्याला खांबावर झेपावून गडी मारता येतो त्याची जागा खांबाच्या आसपास. प्रत्येकाने सर्व काही सारखेच करावे असा हट्ट येथे नाही. प्रत्येकाच्या एकेका गुणाची सांगड घालून नऊ जणांची भिंत उभी केली जाते. २०२२ मध्ये सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो या व्यावसायिक स्पर्धेने तर ‘वजीर’ नावाचा एक पाठलाग करणारा नेमला, ज्याला कोणत्याही दिशेने धावण्याची मुभा आहे. चाकोरी मोडणाऱ्यासाठी नियमपुस्तकातच जागा करून ठेवण्याचा हा मोठेपणा!

जानेवारी २०२५ मध्ये या खेळाची पहिली विश्वचषक स्पर्धा दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलात झाली. गाझियाबादहून तासाभराच्या अंतरावर. १९ जानेवारीस अंतिम सामन्यांत भारताच्या दोन्ही संघांनी नेपाळला हरवले. मुलींनी ७८ विरुद्ध ४० आणि पुरुषांनी ५४ विरुद्ध ३६ गुणांनी. दोन्ही कर्णधार मराठी: प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. आपल्यापैकी किती कुटुंबे यमुना ओलांडून तेथे गेली, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी विचारावे. त्याच सुमारास क्रिकेटच्या एखाद्या सामन्याची तिकिटे मिळवण्यासाठी कोणाकोणाच्या ओळखी काढल्या गेल्या असतील, तेही मनाशीच आठवावे. ‘खो-खो हा शाळेतला खेळ’ असे म्हणून आपण जो हात झटकतो, त्यात खो-खोचा दोष नाही. शाळेनंतर जीवनातून पळणेच आपण काढून टाकले आहे.

याच खेळात राष्ट्रीय स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट पुरुष खेळाडूला जो पुरस्कार देतात त्याचे नाव ‘एकलव्य’. हे नाव ठेवणाऱ्याला दाद दिली पाहिजे. एकलव्य हा आपल्या परंपरेतील एकगुणी माणसांचा कुलपुरुष होय. त्याला वेद येत नव्हते, रथ चालवता येत नव्हता, राजसभेतील रीतिभाती ठाऊक नव्हत्या. त्याला बाण मारता येत होता, आणि तोही मान्यताप्राप्त वर्गात न शिकता. त्याचे पुढे काय झाले ते सर्वांस माहीत आहे. आपण आज पुरस्काराला त्याचे नाव देतो आणि निवडीच्या दिवशी मात्र द्रोणाचार्यांच्या आसनावर जाऊन बसतो. ‘आधी पाया पक्का कर, आधी बॅट सरळ आण, आधी आमच्या पद्धतीने धाव’ असे सांगणाऱ्या प्रत्येक सूचनेत अंगठ्याची मागणी असतेच असे नाही. पण ती केव्हा असते हे ओळखण्याची जबाबदारी सूचना देणाऱ्यावर आहे.

येथे एक खुलासा करतो, नाहीतर माझ्या म्हणण्याचा विपर्यास होईल. विचित्रपणा म्हणजे गुण असे मी म्हणत नाही. बॅट वेडीवाकडी धरली म्हणून कोणी थोर होत नाही, आणि आळसाला स्वतंत्र शैली म्हणून मिरवणाऱ्यांचाही मला तिटकारा आहे. माझी कसोटी साधी आहे. या माणसाजवळ जे एक आहे ते खरोखरच अव्वल आहे काय? ते प्रतिपक्षाला आपला डाव बदलावयास लावते काय? उत्तर होकारार्थी असेल तर बाकीचे रकाने नंतर पाहावेत. आणि सुधारणा अवश्य करावी. फक्त धार लावताना पाते झिजून जाणार नाही एवढी काळजी घ्यावी. अमेरिकेत एक वचन आहे की पहिला तळ चोरता येत नाही. तेथवर फटका मारूनच जावे लागते. मोहननगरच्या त्या मुलालाही चार बरे फटके शिकावेच लागतील. ते त्याला कोणी शिकवावे म्हणूनच तर त्याला परत पाठवू नये.

दुसरा आक्षेप मराठी मनाचा आहे. आपल्या भाषेत ‘एककल्ली’, ‘एकांगी’, ‘एकसुरी’ हे सारे दूषणाचे शब्द. तेव्हा एकपणाची भीती आपल्या रक्तातच आहे, असे कोणी म्हणेल. पण त्याच भाषेत ‘एकाग्र’, ‘एकनिष्ठ’, ‘एकतान’ हेही शब्द आहेत आणि ते स्तुतीचे आहेत. बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. साक्षरतेच्या रकान्यात त्यांना शून्यच द्यावे लागले असते. त्यांच्या कविता त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी जपल्या आणि १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्या पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या, तेव्हा मराठी वाचकाने रकाने विचारले नाहीत. त्याने कविता ऐकली. काव्याच्या बाबतीत आपल्याला जे साधले, ते मैदानावर का साधू नये? ओळीओळीतून वीज ओळखणारा रसिक, एका पोराच्या पायांतील वीज पाहून मात्र त्याच्या प्रशस्तिपत्रकांची चौकशी करतो, हे त्या रसिकतेस शोभत नाही.

आता आपल्या हाती काय आहे ते पाहू. कारण वाचकांच्या हाती पुष्कळ आहे. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी राखीव भरती असते आणि तिच्या यादीत खो-खोही आहे. अशा निवडीच्या मंडळावर बसण्याची पाळी आपल्यापैकी अनेकांवर येते. तेथे उमेदवारापुढे पहिला प्रश्न ‘काय येत नाही?’ असा न ठेवता ‘तुझ्यासारखे दुसऱ्याला येत नाही असे काय?’ असा ठेवावा. वसाहतीच्या क्रीडादिनी ‘अष्टपैलू’ ढाल अवश्य द्यावी, पण तिच्या शेजारी सर्वांत वेगाने धावणाऱ्या, सर्वांत चांगले झेल घेणाऱ्या, सर्वांत लांब फेकणाऱ्या मुलामुलींसाठीही एकेक ढाल ठेवावी, आणि ती देताना त्यांच्या गुणपत्रिकेचा उल्लेख करू नये. आणि सुटीच्या सकाळी नेहरू स्टेडियमवर, महामाया स्टेडियमवर, नाहीतर जवळच्या कोणत्याही मोकळ्या मैदानावर तासभर जाऊन उभे राहावे. दूरदर्शनच्या पडद्यावर जे दिसते ते पिकून, निवडून, पुसून ठेवलेले फळ असते. झाडावर ते कसे धरते हे पाहावयाचे तर मैदानावरच जावे लागते.

असा एखादा मुलगा किंवा मुलगी तेथे दिसलीच, तर शेजारचा जाणता ‘पाया कच्चा आहे’ असे म्हणेल. त्याला आपण एवढेच विचारावे की, प्रतिपक्षाने सीमेवरचे दोन गडी आत का आणले? त्याचे उत्तर त्याला देऊ द्यावे. आणि त्या पोराला मैदानातून बाहेर येताना आपल्या मराठीत नाहीतर त्याच्या हिंदीत, जी येईल तीत, एक वाक्य सांगावे: तू फार छान पळतोस. निवडीच्या दिवशी त्याच्या फाटक्या बुटांपासून बॅटीच्या मुठीपर्यंत सर्व गोष्टींवर शेरे मारणारे त्याला पुष्कळ भेटतील. त्याच्याजवळ जे आहे ते पाहिल्याचे सांगणारा निदान एक तरी माणूस त्याला भेटलेला असावा, आणि तो आपल्यापैकी असावा, एवढीच या कैफियतीची मागणी आहे.